राजदूत अप्पासाहेब पंत

उर्दूत ज्याला आपण 'सफीर' म्हणतो, त्याला मराठीत 'राजदूत' म्हणतात. सफीर जिथे बसून काम करतो तो 'सिफारतखाना'. मराठीत त्याला 'दूतावास' किंवा 'वकिलात' असे म्हणतात. यातला 'वकिलात' हा शब्द वाचताच तुम्हांला ओळखीचा वाटला असेल. आज 'वकील' म्हटले की काळा कोट घालून न्यायालयात उभा राहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या मराठी कागदपत्रांत 'वकील' म्हणजे एका दरबाराने दुसऱ्या दरबारात नेमलेला आपला माणूस. त्याहून जुन्या कागदांत 'हेजीब' असा शब्द येतो. तोही अरबीतूनच मराठीत आला आहे.

आपल्या भागाला हे वकील नवे नाहीत. उदगीरचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. १७६० साली निजाम आणि मराठे यांची लढाई याच भागात झाली. लढाईनंतर तह झाला आणि दौलताबाद, विजापूर अशी मोठी ठिकाणे निजामाने मराठ्यांना दिली. लढाई काही दिवसांची असते, पण तिच्या आधी आणि नंतर वकिलांचे बोलणे महिनोन् महिने चालते. पुढे गोविंदराव काळे हे पेशव्यांचे वकील म्हणून हैदराबादच्या दरबारात राहिले. निजामाच्या दरबारात काय चालले आहे, कोणाचे वजन वाढले, कोणाचे घटले, हे ते पुण्याला कळवत. चौथाईच्या थकबाकीचा हिशेब ते मागत राहिले. तरीही १७९५ साली खर्ड्याची लढाई झालीच. म्हणजे वकील असला की लढाई टळतेच असे नाही. मग त्याचा उपयोग काय, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. तो प्रश्न बरोबर आहे. एका मराठी राजदूताच्या आयुष्यातून त्याचे उत्तर शोधून पाहू.

त्या राजदूताचे नाव अप्पासाहेब पंत. त्यांचा जन्म १९१२ साली सातारा भागातील औंध या लहानशा संस्थानात झाला. वडील भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे औंधचे राजे होते. राजा म्हटला की हत्ती, घोडे, शिकार असे चित्र उभे राहते. हा राजा निराळा होता. ते स्वतः उत्तम चित्रकार होते. सूर्यनमस्कारांचा तर त्यांना ध्यास होता. संस्थानच्या शाळांत मुले रोज सूर्यनमस्कार घालत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना कारखान्यासाठी माळरानावर जागा हवी होती, ती त्यांना औंध संस्थानात मिळाली. तेच आजचे किर्लोस्करवाडी. औंध संस्थानात अवघी बहात्तर गावे होती. आपल्या एखाद्या तालुक्याएवढाच तो मुलूख.

अप्पासाहेब इंग्लंडला ऑक्सफर्ड विद्यापीठात शिकले, बॅरिस्टर झाले आणि परत आले. त्या काळी मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनिअर भारतात होते. ते गांधीजींचे भक्त होते आणि त्यांनी 'भारतानंद' असे नाव घेतले होते. त्यांच्या आग्रहाने राजाने ठरवले की राज्य प्रजेच्या हाती द्यायचे. नवी घटना कशी असावी हे विचारायला अप्पासाहेब गांधीजींकडे सेवाग्रामला गेले. गांधीजींच्या सल्ल्याने घटना तयार झाली आणि १९३९ साली ती लागू झाली. गावाने पंचायत निवडायची, पंचायतींनी तालुक्याचा कारभार पाहायचा आणि त्यांतून संस्थानचे विधिमंडळ बनायचे, अशी ती रचना होती. देश स्वतंत्र होण्याच्या आठ वर्षे आधी एका राजाने आपणहून आपले अधिकार सोडले.

याच संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत उभारली गेली. तिथे शिक्षा झालेले कैदी बेड्यांशिवाय, कुंपणाशिवाय राहत आणि शेती करत. व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' हा १९५७ चा चित्रपट तुमच्या वडिलांनी नक्की पाहिला असेल. त्याची कल्पना याच प्रयोगावरून आली. मी हे मुद्दाम सांगतो आहे. कारण पुढे अप्पासाहेब जिथे जिथे गेले, तिथे समोरच्या माणसावर आधी विश्वास टाकायचा, ही त्यांची सवय त्यांच्याबरोबर गेली. तिच्यामुळे त्यांना मित्र मिळाले आणि अडचणीही आल्या.

१९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. राज्य गेले, पण अप्पासाहेब रिकामे बसले नाहीत. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी त्याच वर्षी त्यांना पूर्व आफ्रिकेत भारताचे आयुक्त म्हणून नैरोबीला पाठवले. 'राजदूत' न म्हणता 'आयुक्त' का, तर केनिया त्या वेळी स्वतंत्र देश नव्हता. तिथे इंग्रजांचे राज्य होते आणि राजदूत फक्त स्वतंत्र देशातच नेमला जातो. त्यांच्या पत्नी नलिनीदेवी डॉक्टर होत्या. त्याही बरोबर गेल्या.

केनियात तेव्हा तीन थर होते. वरच्या थरात गोरे. डोंगराळ भागातील सुपीक जमिनी त्यांनी घेतल्या होत्या. मधल्या थरात भारतातून गेलेले लोक. त्यांतील काहींचे पूर्वज रेल्वेचे रूळ टाकण्यासाठी मजूर म्हणून गेले होते, काही दुकानदार म्हणून गेले होते. त्यांत गुजराती होते, पंजाबी होते, गोव्याचे लोकही होते. सर्वांत खाली त्या देशाचे खरे मालक, म्हणजे आफ्रिकी लोक. त्यांना त्यांच्याच जमिनीवर दुसऱ्यांच्या शेतात राबावे लागे.

भारताच्या आयुक्ताने कोणाकडे पाहायचे? साधे उत्तर असे की आपल्या लोकांकडे. त्यांच्या दुकानांचे रक्षण, त्यांचे परवाने, त्यांच्या मुलांच्या शाळा. पण नेहरूंचे धोरण वेगळे होते. तुम्ही ज्या देशात राहता त्या देशाच्या लोकांशी एक व्हा, त्यांच्या हिताआड येऊ नका, असे ते परदेशातील भारतीयांना सांगत. अप्पासाहेबांनी हे धोरण मनापासून राबवले. आफ्रिकी पुढारी त्यांच्या घरी येत, जेवत, तासन् तास बोलत. गोऱ्यांच्या नैरोबीत ही साधी गोष्ट नव्हती. आफ्रिकी तरुणांना भारतात शिकण्यासाठी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या.

आपल्याच लोकांतही सगळे सुरळीत नव्हते. १९४७ च्या फाळणीचे पडसाद समुद्र ओलांडून केनियात पोहोचले होते. एकाच बाजारपेठेत शेजारी शेजारी दुकाने असलेले हिंदू आणि मुसलमान एकमेकांकडे संशयाने पाहू लागले. विधिमंडळासाठी मुसलमान आणि बिगर-मुसलमान असे वेगवेगळे मतदारसंघ झाले. इंग्रज सरकारला ते सोयीचेच होते. ज्या समाजाचे दोन तुकडे झाले आहेत त्याच्या आयुक्ताचे काम दुप्पट अवघड होते. हे आपल्या मराठवाड्यातल्या वडीलधाऱ्यांना वेगळे समजावून सांगायला नको. १९४८ चे दिवस त्यांनी पाहिलेले होते.

मग केनियात आग पेटली. जमिनी गेलेल्या किकुयू लोकांनी गुप्त शपथा घेऊन बंड सुरू केले. इंग्रज त्या बंडाला 'माऊ माऊ' म्हणत. २० ऑक्टोबर १९५२ रोजी सरकारने आणीबाणी जाहीर केली. जोमो केन्याटा या पुढाऱ्याला अटक झाली. गावेच्या गावे तारांच्या कुंपणात कोंडली गेली, हजारो माणसे तुरुंगछावण्यांत गेली. बंडखोरांच्या हातूनही निरपराध माणसे मारली गेली. त्यांत गोऱ्यांपेक्षा आफ्रिकीच कितीतरी जास्त होते.

केन्याटांवरचा खटला कापेंगुरिया या आडगावी चालला. त्यांच्या बाजूने उभे राहायला मोठे धैर्य लागत होते. इंग्लंडहून डी. एन. प्रिट आले. केनियातील भारतीय वंशाचे वकील ए. आर. कपिला, जसवंतसिंग आणि गोव्याच्या वंशाचे फिट्झ डिसूझा उभे राहिले. भारतातून खासदार दिवाण चमनलाल गेले. नायजेरियाचे आणि जमैकाचे वकीलही होते. १९५३ साली केन्याटांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली.

अप्पासाहेबांची सहानुभूती कोणाकडे आहे हे इंग्रजांना स्पष्ट दिसत होते. भारताचा आयुक्त राज्यविरोधी लोकांना उत्तेजन देतो, अशी तक्रार त्यांनी दिल्लीला केली आणि त्यांना परत बोलवावे असा धोशा लावला. १९५४ साली त्यांना नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' दिली. पुढे १९६३ साली केनिया स्वतंत्र झाला आणि तेच केन्याटा त्या देशाचे प्रमुख झाले.

आता थोडा विचार करा. राजदूताने पाहुणा म्हणून राहायचे असते. यजमानाच्या घरच्या भांडणात पडायचे नसते, हा जगाचा रिवाज आहे. अप्पासाहेबांनी तो मोडला का? इंग्रज म्हणाले, मोडला. पण केनियात यजमान कोण, हाच तर मूळ प्रश्न होता. माझ्या मते अप्पासाहेबांनी त्याचे उत्तर बरोबर ओळखले होते. तरी त्याची किंमतही होती हे विसरता येणार नाही. आणीबाणीचा काळ सर्वांत कठीण असताना तिथल्या भारतीयांना ओळखीचा आयुक्त गमवावा लागला. आणि 'या देशाचे व्हा' हा सल्ला सर्वांनी ऐकला नाही. स्वातंत्र्यानंतर अनेकांनी केनियाचे नागरिकत्व न घेता ब्रिटिश पासपोर्ट ठेवला. १९६८ साली ब्रिटननेच कायदा करून अशा लोकांना येण्यास अडवले. हजारो कुटुंबे दोन देशांच्या मध्ये लोंबकळत राहिली.

नैरोबीनंतर अप्पासाहेबांची नेमणूक अगदी वेगळ्या मुलखात झाली. १९५५ पासून ते सिक्कीममधील गंगटोक येथे 'पोलिटिकल ऑफिसर' होते. नाव साधे, पण काम फार मोठे. सिक्कीम आणि भूतान यांच्याशी भारताचे संबंध त्यांनी पाहायचे आणि तिबेटमधील भारताच्या कचेऱ्याही त्यांच्याच देखरेखीखाली होत्या. ल्हासा येथे भारताचे वाणिज्य दूत, म्हणजे कॉन्सल जनरल, असत. ग्यांत्से, यातुंग येथे व्यापारी कचेऱ्या होत्या. तारायंत्राने, बिनतारी संदेशाने आणि खेचरांच्या पाठीवरून आलेल्या टपालाने बातम्या गंगटोकला पोहोचत. तिथून त्या दिल्लीला जात.

इथे राजदूताच्या कामाचा एक भाग नीट समजून घेऊ. लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या इतवाऱ्यात तुम्ही आडत्याला पाहिले असेल. भाव वाढणार की पडणार हे त्याला आधी कळते. का, तर तो दिवसभर दहा माणसांशी बोलतो आणि कान उघडे ठेवतो. राजदूतही तेच करतो. मंत्री काय बोलतात ते सगळ्यांना वर्तमानपत्रात वाचता येते. पण बाजारात धान्य का महागले, लष्कराच्या गाड्या रात्री कोणत्या दिशेने गेल्या, मठातले लोक एकाएकी गप्प का झाले, हे तिथे राहणाऱ्यालाच कळते. ते पारखून, खरेखोटे वेगळे करून, सांकेतिक लिपीत आपल्या सरकारला कळवायचे. आणि सरकारला जे ऐकायला आवडेल ते न लिहिता जे आहे ते लिहायचे. सर्वांत अवघड काम हेच.

१९५४ साली भारत आणि चीन यांच्यात तिबेटविषयी करार झाला होता. त्यातच 'पंचशील' ही पाच तत्त्वे आली. दिल्लीत 'हिंदी-चिनी भाई भाई' च्या घोषणा चालू होत्या. गंगटोकला मात्र तिबेटमधून येणाऱ्या बातम्या बऱ्या नव्हत्या. १९५६ च्या शेवटी भगवान बुद्धांच्या अडीच हजाराव्या जयंतीसाठी तरुण दलाई लामा भारतात आले, ते सिक्कीमच्याच वाटेने. परत जावे की भारतातच राहावे, असा पेच त्यांच्यापुढे होता. नेहरूंनी परत जाण्याचा सल्ला दिला आणि ते परतले. १९५८ साली स्वतः नेहरू भूतानला गेले. तेव्हा भूतानला मोटाररस्ता नव्हता. नथु ला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, तट्टांवर बसून हा प्रवास झाला. अप्पासाहेब पंतप्रधानांबरोबर होते.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला. १७ मार्चच्या रात्री दलाई लामा वेष पालटून बाहेर पडले आणि ३१ मार्चला तवांगच्या बाजूने भारताच्या हद्दीत आले. त्यांच्या मागून हजारो निर्वासित बर्फाच्या खिंडी ओलांडून आले. अप्पासाहेबांना हा उठाव थांबवता आला नाही. कोणत्याही राजदूताला आला नसता. पण पुढे काय होऊ शकते याची सूचना दिल्लीकडे होती, आणि निर्वासित दारात आले तेव्हा ते कोण आहेत, का आले आहेत, हे सांगू शकणारी माणसे सीमेवर होती.

या कहाणीतला एक लहान धागा तुम्हांला विशेष वाटेल. ल्हासा शहरात काही मुसलमान कुटुंबे पिढ्यान् पिढ्या राहत होती. त्यांचे पूर्वज काश्मीर आणि लडाखकडून व्यापारासाठी तिथे गेले होते. तिबेटी लोक त्यांना 'खाचे' म्हणत, म्हणजे काश्मिरी. ते तिबेटी बोलत, तिबेटी पोशाख घालत आणि मशिदीत नमाज पढत. उठावानंतर त्यांनी सांगितले की आमचे मूळ भारताचे आहे, आम्हांला जाऊ द्या. चीनचे अधिकारी त्यांना तिबेटी समजत होते. कागदपत्रे, वंशावळी, अर्ज आणि खलिते यांवर बराच काळ वाद चालला. शेवटी भारत सरकारने त्यांना भारतीय नागरिक मानले आणि १९६० नंतर ही कुटुंबे कालिम्पाँग, दार्जिलिंग येथे आली. पुष्कळजण पुढे श्रीनगरला स्थायिक झाले. वकिलातीतल्या कागदाचे मोल अशा वेळी कळते. एक शिक्का, एक सही, आणि माणूस या देशाचा की त्या देशाचा हे ठरते.

१९६१ साली अप्पासाहेब इंडोनेशियात राजदूत झाले. त्याच वर्षी व्हिएन्ना शहरात जगातील देशांनी राजदूतांविषयी एक करार केला. त्यातील काही नियम माहीत असायला हवेत. राजदूताला यजमान देश अटक करू शकत नाही. वकिलातीच्या इमारतीत तिच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय पोलीसही पाऊल टाकू शकत नाहीत. वकिलातीची टपालाची सीलबंद थैली कोणी उघडायची नाही. एखादा राजदूत नकोसा झाला तर कारण न सांगता त्याला परत पाठवता येते, पण त्याला इजा होऊ द्यायची नाही. वकिलातीचे रक्षण करणे ही यजमानाची जबाबदारी असते.

नियम कागदावर असतात आणि जमाव रस्त्यावर असतो. १९६२ साली जकार्ता येथे आशियाई खेळ भरले. इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना येऊ दिले नाही. आशियाई खेळांच्या संघटनेतले भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी त्याला हरकत घेतली. असे असेल तर या खेळांना 'आशियाई खेळ' म्हणू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावरून लोक भडकले. ३ सप्टेंबर रोजी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला, मोडतोड केली. ज्या देशाच्या स्वातंत्र्यासाठी भारताने जगात आवाज उठवला होता, त्याच देशाच्या राजधानीत भारताविरुद्ध घोषणा चालू होत्या.

आणि दुसऱ्याच दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. भारतीय संघाचे प्रशिक्षक होते आपल्या हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. रहीमसाहेब मूळचे शाळामास्तर. (हे लिहिताना मला थोडा अभिमान वाटतो, तो तुम्ही माफ करा.) भरलेले मैदान भारताच्या विरोधात ओरडत होते. जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडलेले होते. तो बचाव फळीतला खेळाडू, पण रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवले. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, जर्नेलसिंगने दुसरा, आणि भारत २-१ ने जिंकला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने आजारी होते. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्यावरचा 'मैदान' हा चित्रपट २०२४ मध्ये आला.

सामना संपला, खेळाडू मायदेशी परतले. राजदूत मात्र तिथेच राहिला. त्याला त्याच लोकांत राहून तुटलेले पुन्हा जोडायचे होते. आणि वेळ तर मुळीच नव्हता, कारण दीड महिन्यात, ऑक्टोबर १९६२ मध्ये, चीनने भारतावर हल्ला केला. डिसेंबरात कोलंबो येथे सहा देशांची परिषद भारत आणि चीन यांच्यात मध्यस्थी करण्यासाठी जमली. त्या सहांत इंडोनेशिया होता. ज्यांनी कालपरवा आपल्या वकिलातीवर दगड मारले, त्यांनाच आता आपली बाजू समजावून सांगायची होती. राग गिळणे हा या व्यवसायाचा मोठा भाग आहे, तो असा.

नॉर्वेतील काही शांत वर्षांनंतर १९६६ साली अप्पासाहेब इजिप्तला, कैरोला गेले. तिथे युद्ध त्यांची वाटच पाहत होते. इजिप्त आणि इस्राएल यांच्या सीमेवर १९५६ पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना उभी होती. तिच्यात भारताचे सैनिक होते आणि १९६७ मध्ये तिचे प्रमुखही भारतीय होते, मेजर जनरल इंदरजित रिखी. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी ही सेना हटवण्यास सांगितले. सेना निघण्याच्या तयारीत असतानाच ५ जूनला युद्ध पेटले. गाझा भागात इस्राएलच्या माऱ्यात चौदा भारतीय सैनिक मृत्युमुखी पडले. ते लढायला गेले नव्हते. दोघांच्या मध्ये उभे राहायला गेले होते. सहा दिवसांत युद्ध संपले, पण सुवेझ कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. मुंबईहून युरोपला जाणारी जहाजे साऱ्या आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली.

शांतिसेनेचा विषय निघाला म्हणून आणखी एका मराठी माणसाचे नाव सांगतो. कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात हे सेनाधिकारी. १९५३ साली कोरियातील युद्ध थांबले तेव्हा मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांहून अधिक युद्धकैदी उरले होते. त्यांची राखण करायला भारताने सैन्य पाठवले. त्याचे प्रमुख थोरात होते. कैदी भडकलेले, दोन्ही बाजू भारतावर संशय घेणाऱ्या, आणि दक्षिण कोरियाचे अध्यक्ष भारतीय सैनिकांना आपल्या भूमीवर उतरूही देईनात. शेवटी त्यांना हेलिकॉप्टरने मधल्या निर्लष्करी पट्ट्यात नेऊन उतरवावे लागले. शेवटी कोणत्याच बाजूला जायला तयार नसलेले काही थोडे कैदी या सैन्याबरोबर भारतात आले.

१९६९ ते १९७२ अप्पासाहेब लंडनला भारताचे उच्चायुक्त होते. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे पाठवतात त्या राजदूताला 'उच्चायुक्त' म्हणतात, एवढाच फरक. त्यांच्याच कारकिर्दीत १९७१ चे बांगलादेश युद्ध झाले. त्यानंतर ते इटलीला गेले आणि १९७५ च्या सुमारास निवृत्त झाले. त्यांनी इंग्रजीत काही पुस्तके लिहिली. औंधच्या प्रयोगाची हकीकत त्यांच्या 'ॲन अनयुज्वल राजा' या पुस्तकात आहे. राजदूतपदाच्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी नाव दिले 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स', म्हणजे राजदूताला न शोभणारे प्रसंग. नावातच त्यांचा मिस्कील स्वभाव दिसतो. १९९२ साली त्यांचे निधन झाले.

तुम्ही म्हणाल, ते राजाचे पुत्र, ऑक्सफर्डला शिकलेले. आमचे काय? तर ज्ञानेश्वर मुळे यांचे उदाहरण पाहा. कोल्हापूर जिल्ह्यातील अब्दुल लाट या खेड्यात ते वाढले. शेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा १९८३ साली भारतीय विदेश सेवेत गेला. 'माती, पंख आणि आकाश' हे त्यांचे आत्मकथन मराठीत आहे. ते मालदीवमध्ये उच्चायुक्त असताना २०१२ साली तिथे सत्तापालट झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये माजी अध्यक्ष मोहम्मद नशीद अटक टाळण्यासाठी थेट भारतीय वकिलातीत येऊन बसले. बाहेर पोलीस, आत पाहुणा. व्हिएन्ना कराराप्रमाणे पोलीस आत येऊ शकत नव्हते आणि पाहुण्याला हाकलणेही शोभणारे नव्हते. सुमारे दहा दिवस बोलणी चालली आणि मग नशीद स्वतःहून बाहेर पडले. एक काचही फुटली नाही.

भारतीय विदेश सेवा १९४६ साली सुरू झाली. तिच्यात जाण्यासाठी केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा द्यावी लागते. त्यासाठी कोणत्याही विषयाची पदवी चालते आणि वय किमान २१ असावे लागते. मुख्य परीक्षेची उत्तरे मराठीत लिहिता येतात आणि उर्दूतही लिहिता येतात. इंग्रजीची एक पात्रता परीक्षा मात्र सर्वांना असते, म्हणून इंग्रजीकडे पाठ फिरवून चालणार नाही. निवड झाल्यावर दिल्लीत प्रशिक्षण होते आणि प्रत्येकाला एक परदेशी भाषा शिकावी लागते. तिच्यात अरबी आहे. ज्याने लहानपणी अरबी अक्षरे गिरवली आहेत, त्याचा पहिला महिना तरी सोपा जाईल.

मुलींसाठी एक गोष्ट. सी. बी. मुथम्मा १९४९ साली या सेवेत गेलेल्या पहिल्या स्त्री. तेव्हा नियम असा होता की स्त्री अधिकाऱ्याने लग्न करायचे तर सरकारची परवानगी घ्यावी आणि सरकारला वाटले तर तिने नोकरी सोडावी. पुरुषांना असा नियम नव्हता. बढती नाकारली गेली तेव्हा मुथम्मा सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ साली न्यायालयाने असे नियम चुकीचे असल्याचे स्पष्ट सांगितले. त्या नेदरलँड्समध्ये भारताच्या राजदूत होत्या.

औंध हे गाव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. सहलीला गेलात तर यमाईच्या डोंगरावर राजाने बांधलेले संग्रहालय पाहा. देशोदेशीची चित्रे आणि शिल्पे तिथे आहेत. राजवाडे पुष्कळ ठिकाणी असतात, पण आपली चित्रे गावकऱ्यांना पाहता यावीत म्हणून राजाने टेकडीवर बांधलेली इमारत सहसा दिसत नाही.